वाऱ्याचं नाव कुणी घेईना

कुत्रं नव्हतं. जो पडला त्याच्या गाडीमागेच मी होते, दुपारचं लख्ख ऊन होतं आणि रस्ता सरळ होता. कुत्रं, मांजर, म्हैस, काहीही आडवं आलं नव्हतं.

मी वडगावच्या कोर्टात स्टेनो आहे. अपघाताच्या खटल्यांमध्ये 'अचानक कुत्रे आडवे आल्याने' हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय, की ते टाइप करताना माझी बोटं डोक्याची वाट बघत नाहीत. पण ते वाक्य माझ्या डोळ्यांदेखत जन्माला येताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि अजून माझा संताप गेलेला नाही.

आम्ही बिदरहून परत येत होतो. तळेगावातला आमचा मोटरसायकलवाल्यांचा ग्रुप, सगळे पुरुष आणि मी एकटी बाई. मी पन्नाशी ओलांडलेली. माझी साडेतीनशे सीसीची गाडी माझ्या पगारातून घेतलेली आणि मीच धुते, मीच चालवते. उन्हाळा लागला होता. सोलापूर सोडल्यापासून पश्चिमेचा वारा समोरून येत होता, आणि तो साधासुधा नव्हता. छातीवर कुणीतरी हात ठेवून मागे रेटत असावं तसा. हेल्मेटच्या आत गिरणीसारखी घरघर. जॅकेटच्या बाह्या फडफडून दंडावर चापट्या मारत होत्या. मान ताठ धरून धरून खांद्यापर्यंत लाकूड झालं होतं.

टेंभुर्णीजवळ चहाला थांबलो तेव्हा माझी बोटं हँडलवरून सुटेनात. एकेक बोट दुसऱ्या हातानं सोडवलं. ग्रुपचे म्होरके ते बघत उभे होते. साठीच्या जवळ आलेले, स्वभावानं तसे बरे, पण प्रत्येक गोष्टीचं उत्तर आधीच खिशात असलेले.

"मॅडम, वय बोलतंय," ते हसून म्हणाले. "पुढच्या वेळी जवळची राइड करा. लोहगड, पवना. छान असतं."

"वय नाही, वारा आहे हा," मी म्हणाले.

"वारा सगळ्यांनाच लागतो की."

तिथे बाकीचे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला तो आमच्यातला पैलवान. जिमला जाणारा, तिशीतला, दंड माझ्या मांडीएवढे. त्याचे डोळे लालभडक झाले होते आणि त्यानं चहा दोनदा सांडला, पण त्याचं वय काही बोललं नाही.

तिथून निघालो. म्होरके पुढे, बाकीचे त्यांच्या मागे, मग पैलवान, शेवटी मी. इंदापूर मागे पडल्यावर मला दिसलं की पैलवानाचं हेल्मेट डुलतंय. आधी वाटलं गाणं ऐकतोय. मग ते खाली झुकलं, झटक्यानं वर आलं, पुन्हा झुकलं. मी हॉर्न वाजवला. वाजवत राहिले. त्या घरघरीत त्याला काय ऐकू जाणार? त्याची गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली, अगदी अलगद, ब्रेक नाही, वळण नाही. डांबर संपलं, खडी आली, आणि तो गाडीसकट शेतात गेला.

मी पोचले तेव्हा तो उताणा पडला होता. हेल्मेटची काच वर करून मी त्याला हलू नकोस म्हणाले.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"पडलास तू."

"कधी?" थोड्या वेळानं पुन्हा, "काय झालं?"

त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. तेवढ्यावर निभावलं, कारण डावीकडे शेत होतं आणि मागून ट्रक येत नव्हता. म्होरके वळून परत आले, त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला, सगळं नीट केलं. ते मी नाकारत नाही. पण ॲम्ब्युलन्सची वाट बघताना ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, "घरी सांगायचं, कुत्रं आडवं आलं."

"कुत्रं नव्हतं," मी म्हणाले. "वाऱ्यानं बधिर झाला होता तो. मी बघितलंय."

"मॅडम, त्याच्या बायकोला काय सांगायचं? चालवता चालवता डोळा लागला म्हणून?"

"खरं ते सांगायचं. नाहीतर पुढच्या वेळी पण हेच होईल."

"तुम्ही आधीच थकलेल्या आहात. पाणी प्या."

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर ते कुत्रं चांगलं धष्टपुष्ट झालं होतं. कुणी म्हणे काळं होतं, कुणी म्हणे दोन होती. पैलवानाला फुलं, 'वाघ आहेस', 'लवकर बरा हो'. आणि आठवड्याभरात दुसरा मेसेज आला: कच्छची राइड ठरतेय, पंचेचाळीसच्या पुढच्यांनी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणावं. ग्रुपमध्ये त्या वयाचे दोघंच, म्होरके आणि मी. म्होरक्यांचे मेहुणे डॉक्टर आहेत.

जो पडला तो वाघ. जी पडली नाही ती म्हातारी. मी तो मेसेज नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला, मग आणखी मोठ्यानं.

तरीही मी डॉक्टरकडे गेले, कारण कान खरंच वाजत होते. तळेगावातल्या त्या डॉक्टरांनी बीपी घेतलं, ते नॉर्मल निघालं. त्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं असावं.

"पाळी गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली. पण कान गाडीवरच वाजतात."

"मग गाडी बंद करा," ते म्हणाले आणि घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

पिंपरीच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानदाराचं तर विचारूच नका. मी वाऱ्याचं बोलायला लागले तसं त्यानं माझ्या मागे बघितलं, कुणी पुरुष बरोबर आहे का म्हणून. मग हँडलपुढे वारा अडवायची सगळ्यात उंच काच गाडीला बसवून दिली. "आता वाऱ्याचा बापसुद्धा आत येणार नाही." वडगावपासून कामशेतपर्यंत गेले आणि कळलं, बापच नव्हे, अख्खं खानदान आत आलंय. पूर्वी वारा नुसता ढकलायचा, आता हेल्मेटला थपडा मारत होता. डोळ्यांसमोरचा रस्ता थरथरायला लागला.

घरी येऊन मी हेल्मेट सोफ्यावर आपटलं. माझा नवरा रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता, आता निवृत्त. त्याला मोटरसायकलचं काडीचं प्रेम नाही, पण बिघाड म्हटलं की त्याला बसवत नाही.

"आरडाओरडा नंतर कर," तो म्हणाला. "आधी बघू वारा लागतो कुठे."

त्यानं माझ्या विणकामातली लोकर घेतली, तिचे तुकडे काचेच्या वरच्या कडेला चिकटवले, काही माझ्या खांद्यांवर. रविवारी सकाळी जुन्या हायवेवर रहदारी वाढायच्या आत आम्ही निघालो, तो मागे बसून. लोणावळ्याकडे जाताना लोकरीचे तुकडे काचेवरून उठून थेट माझ्या कपाळाच्या रेषेत येऊन नाचत होते. मी पायांवर जोर देऊन सीटवरून जराशी उठले. थरथर थांबली. वारा होता, पण सरळ, स्वच्छ. खाली वाकले, तरी शांत. म्हणजे काच वारा अडवत नव्हतीच. ती तो गोळा करून नेमका माझ्या डोक्यावर फेकत होती.

मी काच काढून टाकली आणि जुनी, बुटकी काच लावली, जी वारा छातीवर सोडते. छातीवरचा वारा सोसतो, डोक्यावरचा नाही. हे शोधायला लोकर लागली आणि एक रविवार. इतक्या वर्षांत एवढ्या शूरवीरांपैकी कुणाला हे करावंसं वाटलं नाही?

मग जॅकेट. ते पुरुषांचंच, कारण बायकांच्या मापाचं मिळतच नाही. दुकानात विचारलं की गुलाबी पट्टीचे हातमोजे पुढे करतात. खांद्यात बसेल असं घ्यावं तर कमरेत आणि बाह्यांत तंबू. तळेगावातल्या शिंप्याकडून मी ते दोन्ही बाजूंनी आत घेतलं, बाह्यांना आवळायला पट्ट्या लावल्या. फडफड बंद झाली. गळ्याभोवतीचा रुमाल आत खोचला. हँडल गच्च आवळण्याऐवजी टाकी गुडघ्यांनी धरायची सवय लावली, की हात मोकळे राहतात. आणि कानात फोमचे बोळे. मला भीती होती की हॉर्न ऐकू येणार नाही. उलट झालं. घरघर खाली बसली आणि हॉर्न वेगळा ऐकू यायला लागला. पहिल्यांदा बोळे घालून लोणावळ्याला जाऊन आले तेव्हा घरी येऊन मी सरळ भाजी चिरायला घेतली, आणि नवरा म्हणाला, "आज आल्या आल्या सोफ्यावर पडली नाहीस?" तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

हे सगळं वाऱ्यात पारखून बघायला मी मळवलीवरून लोहगडवाडीचा चढ चढायचे. तिथे खिंडीत तो कुठूनही येतो. वर एका मावशींच्या टपरीवर ताक प्यायचे. त्यांनी एकदा मला कानातून बोळे काढताना पाहिलं.

"कान दुकत्यात व्हय?"

"नाही मावशी. वाऱ्यानं दमायला होतं, म्हणून घालते."

"वाऱ्यानं कुटं मानूस दमतं व्हय? आमी हितंच हाये की जल्मापासनं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता घरी बसावं बाई. ल्येकाला चालवू द्यावी."

मला मुलगा नाही, आणि असता तरी गाडी दिली नसती. मावशींवर रागावता येईना, तेव्हा मी ताकाचा दुसरा ग्लास घेतला आणि रागावले ती जगावर.

महिन्याभरानं पैलवान घरी आला, हात गळ्यात बांधलेला. इकडचं तिकडचं बोलला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही कानात काय घालता म्हणे?"

मी डबी काढून दाखवली. तो म्हणाला की सोलापूरपासूनच त्याच्या कानात शिटी वाजत होती, डोकं जड झालं होतं, शेवटची काही मिनिटं त्याला आठवतच नाहीत.

"मग हे ग्रुपवर लिही."

"हसतील ना."

"तू मेला असतास!"

"हो," तो म्हणाला, आणि डबी खिशात घालून गेला.

कच्छच्या राइडची बैठक कुसगावच्या एका हॉटेलात नाश्त्याला होती, घरच्यांसकट. मी उठून सांगितलं सगळं: काच, बोळे, फडफडणारी जॅकेटं, थकवा यायच्या आधी थांबणं. म्होरके मिसळीत पाव बुडवत म्हणाले, "वारा नको असेल तर कार घ्यावी माणसानं. वारा खायलाच तर निघतो आपण!"

सगळे हसले. त्यांच्या बायकोनं मात्र ताटातून मान वर केली. "म्हणून टीव्ही एवढा मोठा लावावा लागतो वाटतं," ती म्हणाली. "मी हाक मारते ती ह्यांना तिसऱ्यांदा ऐकू येते." मी पैलवानाकडे पाहिलं. त्याची बायको त्याच्या शेजारीच होती. तो मान खाली घालून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत राहिला.

मी तिथेच ग्रुप सोडला. राग पैलवानाचा आला, म्होरक्यांपेक्षा जास्त. म्होरक्यांना खरंच माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

ते सगळे कच्छला गेले आणि मी एकटी बदामीला. पुन्हा तोच सोलापूरचा रस्ता, पुढे विजापूर, तिथून आडवा वारा. तो येताना मी हँडल सैल सोडलं, गुडघे घट्ट धरले आणि गाडीला जरा झुकू दिलं. थकायच्या आधी थांबले, झाडाखाली बसले, पाणी प्यायले. संध्याकाळी बदामीच्या लॉजपुढे गाडी लावली आणि माझ्या हातांनी बॅगेची बकलं न अडखळता सोडवली.

काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे.

"सर पीछे आ रहे हैं क्या, मॅडम?"

"सर रेल्वेनं येताहेत," मी म्हणाले. "त्यांची गाडी लेट आहे. तोवर मला चहा सांगा."