सतरा नंबरची काठी

भूत, दृष्टांत, अंगात येणं... असल्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. त्यात माझा धंदा हॉकीच्या कॉमेंट्रीचा, म्हणजे दिसलं तेवढंच बोलायचं. त्यामुळे आता लिहितेय ते वाचून कोणी हसलं तर मी रागावणार नाही.

हा धंदा मला बाबांनी लावला. ते गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या टीमकडून हॉकी खेळायचे. लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरीत मला कठड्याशी उभी करायचे, खाली पोरं खेळायची आणि मी बोलायचं. चुकले की लगेच टपली. "नाव मागसून घे गो, आदी काठी बघ," म्हणजे आधी काठी कोणाची लागली ते बघ, नाव नंतर, हे त्यांचं पालुपद. गेली बारा वर्षं मी त्यावरच पोट भरतेय.

मागच्या वर्षी बाबांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. उरलं फक्त एक "हां". भूक लागली तरी हां, दुखलं तरी हां. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करत राहा... म्हणजे काय ते आम्हाला कळलं. बाप मुका होऊन पडलाय आणि आपण बडबडायचे पैसे घेतोय, याची मला अक्षरशः लाज वाटायची. शीवच्या माझ्या घरून रोज लालबागला जायचे, त्यांच्यासमोर बसायचे आणि मलाच बोलायला सुचायचं नाही.

मयुरी म्हणून स्पीच थेरपिस्ट दुपारी घरी यायची. नायगावची, एकदम चिवट पोरगी. प्रगती बघायला प्रत्येक सेशनचा व्हिडिओ काढायची. सहा आठवडे त्या व्हिडिओंत "हां"पलीकडे काही नव्हतं.

त्या दिवशी मॅच होती ओडिशात आणि मी लोअर परळच्या स्टुडिओत, समोरच्या स्क्रीनवर बघून बोलत होते. हल्ली असंच चालतं. मयुरीने आईला सांगितलं, "काकी, ताईची मॅच लावा फोनवर, ओळखीचा आवाज कानावर पडू दे." तर आईचा फोन बाबांच्या उशाशी, आणि मयुरी समोर व्हिडिओ काढतेय.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. फोनवरचं 'लाइव्ह' हे लाइव्ह नसतं. मी बोलले की ते फोनवर पोचायला अर्धं मिनिट सहज लागतं.

पेनल्टी कॉर्नर मिळाला. अकरा नंबरने फ्लिक मारला, बॉल आत! मी ओरडले, "अकरा नंबर, काय गोल मारलाय!" मग रिप्ले आला. गोलसमोरच्या अर्धगोलात, डीमध्ये, पुढे उभ्या असलेल्या सतरा नंबरची काठी बॉलला जरा घासली होती. गोल त्याचा. मी माफी मागून चूक सुधारली. असं होतं आमच्यात, कोणी फासावर देत नाही.

बाहेर आले तर आईचे नऊ मिस्ड कॉल. फोन लावला तर आई रडतेय. "अगो, बोलले... तुझे बाबा बोलले!"

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन, देव जाणे. फोनवर माझा आवाज सांगतोय की पेनल्टी कॉर्नर मिळालाय, खेळाडू जागा घेतायत. फ्लिक अजून व्हायचाय. आणि बाबा छताकडे बघत, तोंड वाकडं करत, एकेक अक्षर ओढून काढतात... "सत्रा... काठी... लागली." आई किंचाळते. मयुरी म्हणते, "काका, परत बोला!" त्यानंतर फोनमधून मी ओरडते, अकरा नंबर! तर बाबा चिडून, चांगले स्पष्ट, "नाय गो! सत्रा!"

सहा आठवड्यांनी माझ्या बापाने तोंड उघडलं ते माझी चूक काढायला.

मी खूप डोकं चालवलं. शेजारच्यांचा टीव्ही फोनच्या पुढे चालत असेल? पण टीव्हीवरही मी अकराच बोलले होते. माझ्या मनातलं त्यांना कळलं म्हणावं, तर माझ्या मनातही अकराच होता. वेळ जुळवून पाहिली, तर बाबा बोलले तेव्हा ओडिशात बॉल नुकताच आत गेला होता आणि रिप्ले यायचा होता; सतरा कोणाच्याच तोंडात नव्हता. मयुरी म्हणते, "ताई, बोलणं परत येतं कधीकधी, त्याचं मला नवल नाही. पण हे काय होतं ते मला नका विचारू."

बाबा आता बोलतात. अडखळतात, पण आईशी भांडण्याइतके बोलतात. परवा मी विचारलंच, "बाबा, तुम्हाला कसं कळलं हो?"

एकेक शब्द शोधत म्हणाले, "माका... दिसला. तू... उशीर केलंस."

एवढं मात्र झालंय की हल्ली गोल झाला की नाव घेण्याआधी मी जराशी थांबते. प्रोड्यूसर कानात ओरडतो, "बोल ना!" ओरडू दे त्याला. घरी उशाशी फोन लावून बाबा ऐकत असतात, आणि माझ्या आधी त्यांनी कोणाचं नाव घेतलं ते मी लालबागला गेले की मला स्वतःच्या तोंडाने सांगतात.