भिंत मध्ये आली नसती तर

"पंखे बंद करा रे, पायलट आले," मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं. मे महिना, दुपारचे चार. अंबरनाथच्या आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही वीसेक जण स्पर्धा परीक्षांची पुस्तकं उघडून बसलो होतो. काका आत आले, राहिलेलं एक बटण त्यांनी स्वतःच बंद केलं आणि पिशवीतून कागदाची विमानं काढली.

"काका, उद्या पेपर आहे माझा."

"दहा मिनिटं घाम आला म्हणून कुणी नापास होत नाही."

काका कारखान्यात तपासणी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर अभ्यासिकेची किल्ली त्यांच्याकडे आली. आता ते बदलापूरजवळ चामटोलीला मुलीकडे असतात. विमानाची घडी ते स्टीलच्या पट्टीनं दाबायचे, मग एक डोळा मिटून विमान नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळायचे. माझं विमान बघून म्हणायचे, "डावा पंख अर्धा मिलिमीटर जास्त. टाक." दुरुस्त करू द्यायचे नाहीत. "उलगडलंस तरी तिथूनच वाकणार कागद." मला राग यायचा, पण मी गप्प बसायचे. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हिच्या इंग्लिश शाळेत बोलायची वेगळी फी होती वाटतं."

कागद कॅम्प दोनच्या बाजारातूनच आणायचा. तिथला सिंधी शेठ विचारायचा, "साईं, विमान का कारखाना डाला क्या?" काका एक कागद कानाशी हलवून बघायचे. आवाज पसंत पडला नाही की पुढचं दुकान. पिशवी माझ्या हातात, ऊन डोक्यावर.

एवढं करून विमान सुटायचं, छताखाली आडवं व्हायचं, तरंगत जायचं आणि समोरच्या भिंतीवर आपटायचं. दर वेळी. "भिंत मध्ये आली नसती तर बघितलं असतंस," असं म्हणत काका त्याचं चेपलेलं नाक सरळ करायचे. मैदानात वारा, गच्चीवर वारा, शाळेच्या हॉलमध्ये खांब. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू मोजलेल्या या माणसाला आपलं विमान किती लांब जातं तेच माहीत नव्हतं. मधूनच ते अभ्यासिकेची लांबी पुन्हा टेपनं मोजायचे, जणू ती वाढली असेल.

जानेवारीत मला बदलापूरला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी मी पाहिलं: पत्र्याचं उंच छप्पर, मध्ये एकही खांब नाही, शटर ओढलं की हवा हलत नाही, रविवारी सगळं बंद. फक्त मॅनेजरना विचारायचं होतं. मी मेसेज लिहायचे, पुसायचे. कागदाच्या विमानासाठी गोडाऊन मागणाऱ्या मुलीकडे ते कसे बघतील, हे मी मनातच ठरवून टाकलं होतं. काका भेटले की विचारायचे, "नोकरी कशी आहे? जागा मोठी आहे का?" मी म्हणायचे, "ठीक आहे."

ऑगस्टमध्ये काकांचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. त्याच आठवड्यात मी विचारलं. मॅनेजर मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "घ्या ना, त्यात काय. वॉचमनला सांगतो." एवढंच होतं ते. काकांना मी फोनवर फक्त म्हटलं, "एक जागा दिसलीय."

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. शटरपाशी उभे राहून बराच वेळ दुसऱ्या टोकाकडे बघत राहिले. मग त्यांनी फेकलं. हात खांद्याशीच अडला आणि विमान पंधरा पावलांवर जमिनीला टेकलं. दुसरंही, तिसरंही. चौथं त्यांनी माझ्या हातात दिलं. मी फेकलेलं वर गेलं आणि तिथूनच मान टाकून खाली आलं.

"लाजतेस कुणाला? इथे खोक्यांशिवाय कोण आहे?"

मी आणखी दोन फेकली. तीही तशीच पडली. काकांनी न उघडलेला टेप पिशवीत टाकला.

"खांदा धड होता तेव्हा जागा नाही मिळाली," ते म्हणाले. "जाऊ दे. तुला दिसल्याबरोबर विचारलंस, हे बरं केलंस."

"दिसल्याबरोबर नाही, काका," मी म्हणाले. "ही जागा मला जानेवारीपासून माहीत होती."