पाच दिवसांच्या अक्का

आमच्या मद्रासच्या घरमालकांच्या अक्कांइतकं कडवट माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि तो सगळा कडवटपणा त्या एकाच गोष्टीवर ओतत असल्यामुळे बाकीच्या जगाच्या वाट्याला त्यांच्याकडून फक्त गोडवा येई. ती गोष्ट म्हणजे एका दिवसाचं क्रिकेट. महागाई, पाणीटंचाई, बिघडलेली पोरं, पातळ होत चाललेलं दूध, या सगळ्याचं मूळ त्या शेवटी पन्नास ओव्हरींपाशी नेऊन ठेवत. एकदा नळाला तीन दिवस पाणी आलं नाही, तेव्हा रिकामी घागर पालथी घालत मला म्हणाल्या होत्या, "लोकांस सगळें झटपट पाहिजे. मग पाण्यानं तरी कां थांबावें?"

मला बँकेनं सांगलीहून मद्रासला पाठवलं तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. तिरुवल्लिक्केणीत, चेपॉकच्या मैदानापासून पायी पोचता येईल अशा गल्लीत आम्हा नवराबायकोला वरचा मजला भाड्यानं मिळाला. खाली घरमालक आणि त्यांच्या या अक्का राहत. तंजावरच्या मराठी राजांबरोबर कधीकाळी दक्षिणेत उतरलेलं हे घराणं. अक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, आणि त्या गडबडीत स्वतःचं लग्न राहून गेलं. भाऊ आता स्वतः पेन्शनीत निघालेला, विधुर, एक मुलगा आखातात नोकरीला, तरी अक्का त्याला 'तंबी' म्हणजे धाकट्या म्हणूनच हाक मारत. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. माझी मराठी ऐकून पहिल्याच दिवशी त्यांनी निकाल दिला, "तुमची मराठी फार घाईची आहे हो, सांगलीवाले. अर्धे शब्द गिळतां. वनडेची मराठी."

कसोटी सामना मात्र त्या सणासारखा पाळत. मद्रासला पोंगलच्या सुमारास कसोटी असली की पाचही दिवसांचे डबे आधीच ठरलेले असत: पहिल्या दिवशी पुळिओदरे म्हणजे चिंचेचा भात, दुसऱ्या दिवशी लिंबाचा, आणि शेवटच्या दिवशी न चुकता दहीभात, कारण शेवटच्या दिवशी डोकं थंड राहायला हवं. भावाला त्यांनी लहानपणी हाताला धरून चेपॉकला नेलं होतं, आणि केस पिकल्यावरही दोघं तशीच निघत, अक्का पुढे, तंबी मागे डबा घेऊन. निर्धाव षटक पडलं की अक्का दोन बोटांनी तळहातावर टाळी वाजवत. चौकारावर त्या टाळी वाजवत नसत; तो गोलंदाजाचा अपमान आहे असं त्यांचं मत होतं. एकदा मागे बसलेला एक तरुण सारखा "मार, मार" म्हणून ओरडत होता. अक्का मागे वळल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "घाई असेल तर बस स्टँडावर जा बाबा. इथें माणसें विचार करीत आहेत." तो पोरगा चहाच्या सुटीत गेला तो परत आलाच नाही.

अनिर्णित सामना तर त्यांना सर्वांत प्रिय. "ड्रॉ म्हणजे दोघेहि शहाणे निघाले," असं त्या म्हणत. "गणितांत पायऱ्यांस मार्क असतात, उत्तरास एकच. तुमच्या वनडेंत पायऱ्याच नाहींत. नुसतें उत्तर. तें तर शेजारच्या पोरीचें बघून कुणीहि लिहील." या स्पर्धांच्या कपांची नावं वाचून तर त्यांचं पित्त खवळे. एक कप सिगारेटवाल्यांचा, एक टायरवाल्यांचा, एक सरबतवाल्यांचा. "आणि कप कशाला पाहिजे? या घरांत सगळे टंबलरानं कॉफी पितात."

त्र्याऐंशी साली भारतानं विश्वचषक जिंकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली एकमेकांच्या घरी मिठाई घेऊन धावत होती. समोरच्या मामी मैसूरपाकाचं ताट घेऊन आल्या. अक्कांनी विचारलं, "कोण पास जाहलें?"

"अय्यो, अक्का! आपण वर्ल्ड कप जिंकलो!"

"किती दिवसांची मॅच होती?"

"एका दिवसाची."

अक्कांनी आतून सुरी आणली, वडीचे मोजून पाच तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि चार परत ताटात ठेवले. मामी बिचाऱ्या ताट तसंच धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

पण याच कपानं अक्कांच्या घरात भेग पाडली. तंबींना, म्हणजे आमच्या घरमालकांना, तो खेळ मनापासून आवडला. बहिणीच्या सावलीत साठ वर्षं काढलेल्या त्या मवाळ माणसाला जिंकण्याची चटक लागली. त्यांनी टीव्ही घेतला. स्पर्धा असली की ते गल्लीतल्या दहा-बारा जणांना गोळा करत, आणि अक्का मधूनच जात भाजीच्या पाटीसकट, "सर्कस सुटली का?" एवढं विचारून.  तंबी नुसता टीव्हीचा आवाज थोडा वाढवत.

मग आली शहाऐंशीची ती कसोटी. पाचव्या दिवशी मी रजा काढून दोघांबरोबर गेलो होतो. पाहुण्यांनी सकाळीच डाव सोडला होता आणि आपल्यासमोर दिवसभरात करायला डोंगराएवढ्या धावा होत्या. शहाण्या माणसांनी खेळून काढावा असा दिवस, अक्कांच्या अगदी मनासारखा. पण चहाच्या वेळेपर्यंत आपले लोक जिंकायच्या मागे लागलेत हे उघड झालं. स्टँडमध्ये जो तो बोटं मोजू लागला, इतक्या ओव्हरींत इतक्या धावा. अक्कांनी डब्याचं झाकण लावलं.

"चल, तंबी. वनडे सुरू जाहलें."

"अक्का, बस गं. खरी मॅच आत्ता सुरू होते."

"तुझी होत असेल. माझी संपली."

त्या गेल्या. तंबी अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. बहिणीपाठोपाठ न उठण्याची ती त्यांची पहिलीच वेळ असावी.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. धावसंख्या बरोबरीत आली आणि आपला शेवटचा गडी पायचीत झाला. कसोटीच्या सगळ्या इतिहासात असं दुसऱ्यांदाच घडत होतं. सामना टाय झालाय हे क्षणभर कुणाला उमगेना. तंबींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही घरी आलो. अक्का ओसरीवर कीरै, म्हणजे पालेभाजी, निवडत बसल्या होत्या. रेडिओ मुद्दाम बंद.

"ड्रॉ ना?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही."

"हरले तर."

"नाही."

"जिंकले?"

"नाही."

गणिताच्या बाईंना चौथा प्रश्न विचारावा लागला नाही. त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्या वेळी तंबींनी गप्प राहायला हवं होतं. पण साठ वर्षांचं गप्प राहणं त्या संध्याकाळी संपलं होतं. "जन्मभर जिची वाट पाहिलीस, त्या मॅचमधून उठून आलीस तू," ते म्हणाले. "आणि मलाही उठवत होतीस."

अक्का आत निघून गेल्या.

त्यानंतर तंबींनी तो शेवटचा तास साऱ्या तिरुवल्लिक्केणीला सांगितला. न्हाव्याला सांगितला, दूधवाल्याला सांगितला, देवळाच्या पुजाऱ्याला सांगितला. अक्का जवळ आल्या की मात्र ते थांबत. अक्कांनी एकदा जरी "सांग रे" म्हटलं असतं, तर त्यांनी चेंडू न् चेंडू सांगितला असता, पण अक्का विचारायच्या नाहीत, आणि विचारल्याशिवाय तंबी सांगायचे नाहीत. तंबी ओसरीवर कुणाला सांगत असले की खिडकीआड अक्कांची चाहूल लागे. मी जिन्यावरून अनेकदा पाहिलं आहे.

पुढच्या वर्षी विश्वचषकाचा सामना चेपॉकला आला. तंबींनी दोन तिकिटं आणली आणि एक अक्कांच्या कॉफीशेजारी ठेवलं. त्या माणसाला समेट करण्याची दुसरी रीत येत नव्हती. अक्कांनी ते उचललं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "मामींस दे. त्यांस मिठाई वाटण्यास बरें." तंबी एकटेच गेले. भारत एका धावेनं हरला. घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता, आणि अक्का म्हणाल्या, "एकच धाव? दुसरा डाव असता तर काढली असती." त्या संध्याकाळी मी तंबींना प्रथमच ओरडताना ऐकलं. शब्द कळले नाहीत. वर आम्ही दोघं ताटावर तशीच बसून राहिलो.

काही महिन्यांत ते मुलाकडे निघून गेले. मुलगा शारजाला होता. टॅक्सीत बॅगा चढत असताना अक्का दारात उभ्या होत्या. तंबींनी वाकून नमस्कार केला.  टॅक्सी वळल्यावर अक्का मला म्हणाल्या, "साऱ्या जगांत गांव काय सांपडलें पाहा. जिथें टेस्टच नाहीं."

त्या शारजात तेव्हा दर थोड्या महिन्यांनी एखादी वनडेची स्पर्धा असे. एका दुपारी पाणी भरायला खाली आलो तर अक्का टीव्हीसमोर बसलेल्या. आवाज बंद, पडद्यावर शारजाचा सामना. मला पाहून दचकल्या. "मी मॅच नाहीं बघत," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं मला कळलं की ते अक्षरशः खरं होतं. गोलंदाज धावायला लागला की त्या मान खाली घालून बीन्स चिरत. चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला आणि कॅमेरा त्याच्यामागे गेला की विळी बाजूला सारून पडद्यापाशी सरकत. हजार डोक्यांमधून एक डोकं शोधत.

मग तर मला ती दुपारची सवयच झाली. निर्धाव षटकानं त्या कासावीस होत. "नुसता उभा आहे मेला खांबासारखा," असं एका भल्या फलंदाजाबद्दल म्हणालेलं मी या कानांनी ऐकलं. कुणी षटकार मारला की त्या पुटपुटत, "तो बघा, पांढऱ्या शर्टांतला, चष्मावाला. तसाच बसतो तो, एका कुशीवर." मी बघेपर्यंत चित्र बदललेलं असे.

नव्वदीच्या सुरुवातीला भाचा सुटीवर आला. अक्कांनी त्याला कॉफी दिली, आखडतं घेत इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं, "तुझा बाप कुठल्या बाजूस बसतो रे? पॅव्हेलियनच्या डावीकडे?"

"अप्पा?" तो हसला. "अत्तै, ते एकदाही गेले नाहीत. घरी टीव्हीसुद्धा लावत नाहीत मॅचसाठी. मी तिकीट आणलं तर म्हणाले, बरोबर भांडायला कोणी नाही, नुसतं काय बघायचं."

अक्कांनी त्याचा रिकामा टंबलर उचलला आणि आत नेला. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. भाच्याला वाटलं, आणखी कॉफी करताहेत.

पुढच्या मोसमात शारजाला पुन्हा स्पर्धा लागली. मी खाली गेलो तर टीव्ही चालू, आवाज बंद, अक्का पडद्याशी. मला राहवलं नाही.

"अक्का, भाचा सांगून गेला ना, ते जात नाहीत म्हणून?"

"ऐकलें मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आज नसेल जात हो. एखाद्या दिवशीं वाटेल त्यास, जावें म्हणून. आणि नेमक्या त्या दिवशीं मी उठून गेलेली असेन तर?"