कमानीच्या आत राहिलेले आप्पा

फोन शिवाचा होता. सकाळी मी चहाचं आधण ठेवत होतो आणि तो नुसता "सर..." म्हणून थांबला.  मग म्हणाला, "आप्पा गेले. दुकान उघडून बसले होते. म्या च्या घेऊन गेलतो, तर भांड्यांच्या मांडणीला टेकून बसलेले... हाका मारल्या, सर. लई हाका मारल्या." मन्मथआप्पा म्हणजे शिवाचे वडील, आमच्या गावच्या जुन्या पेठेतले भांड्यांचे दुकानदार, आणि माझे... काय म्हणू? घरमालक म्हणून ओळख झाली, पुढं थोरल्या भावासारखे झाले. या गोष्टीला आता काही आठवडे लोटले. गॅसवरचं ते आधण मी त्या दिवशी तसंच उतरवून ठेवलं होतं. तेव्हापासून लिहायला बसतोय आणि उठतोय.

आमचं गाव कॉलेजांचं. केज, घाटनांदूर, युसूफ वडगाव अशा आजूबाजूच्या गावांतून पोरं-पोरी इथं शिकायला येतात. मीही आलो, पण शिकवायला. वाणिज्य शाखेत नोकरी लागली आणि आप्पांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी खालून कर्र कर्र आवाज सुरू झाला. वैतागून खाली उतरलो, तर आप्पा मांडीवर कळशी घेऊन मशीननं तिच्यावर नाव घालत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, जेवणाची भांडी आणलीत का? आणा, नाव घालून देतो. बिननावाचं भांडं आन् बिनलगामाचं घोडं, दोन्ही घरी येत न्हाईत." त्यांचं अक्षर देखणं होतं. लग्नाच्या भांड्यांवर 'मामाकडून सप्रेम भेट' लिहिताना ते मामाचं नाव विचारून थांबत नसत. मामा काय करतो, भाचीवर जीव आहे का, सगळी चौकशी व्हायची. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं पातेली, तवा, घागर घ्यायला यायची, तेव्हा त्यांच्या भांड्यांवर मात्र ते बुडाला नाव घालायचे. ऊसतोडीच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांत, सगळ्यांची भांडी एका जागी घासली जातात, कडेवरचं नाव राखेनं झिजतं, म्हणून.

तेव्हा पेठ म्हणजे पेठ होती. एका टोकाला बसस्टँड, दुसऱ्या टोकाला कॉलेज, आणि मधल्या बोळातून सगळं गाव वाहत असायचं. मग स्टँड बायपासवर गेलं. पाठोपाठ कॉलेजलाही माळावर मोठी इमारत झाली. आम्ही मास्तर लोक नव्या वर्गखोल्या बघून खूश होतो आणि इकडं पेठेतून जाणारं येणारं पाऊल आटत चाललं होतं. समोरचे हमीदभाई बांगड्यांचे मनियार. आप्पांचे ते लंगोटीयार, दोघांचं बोलणं म्हणजे निम्म्या शिव्या. "काय बे हमीद, सकाळपून किती हातांत बांगड्या भरल्या?" असं आप्पांनी विचारलं की हमीदभाई स्वतःचेच दोन हात वर करून दाखवायचे. हसायचे दोघंही, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

आप्पांनी मग पेठेतल्या दुकानदारांची सहकारी संस्था काढली. आमच्या भागात सहकार म्हटलं की लोकांना एकतर साखर कारखाना आठवतो, नाहीतर बुडालेली पतपेढी. त्यामुळं लोक आधी लांबूनच नमस्कार करत होते. आप्पा प्रत्येकाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. मला सल्लागार म्हणून ओढलं. मी आपला मागणी-पुरवठ्याचं बोलू लागलो, तर म्हणाले, "मास्तर, ते राहू द्या. तुमच्या कॉलेजातल्या पोरी कावून येत न्हाईत हितं, ते विचारून सांगा." मी वर्गात विचारलं. पोरींनी सरळ सांगितलं, उसाच्या गाड्यांची भीती वाटते. खरं होतं ते. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या लावून, वळसा वाचवायला आमच्या पेठेतून घुसायचे. बोळ अरुंद, ऊस दोन्ही बाजूंनी दुकानांच्या पत्र्यांना घासत जायचा. बाईमाणसानं चालायचं कुठून?

तेव्हा आप्पांनी कमानीची कल्पना काढली. पेठेच्या तोंडाशी पक्की कमान बांधायची, आणि बांधायची बुटकी. माणूस जाईल, सायकल जाईल, हातगाडी जाईल, उसाची गाडी जाणार नाही. दुसऱ्या टोकाला उभा उतार होता, भरली गाडी तिथून खाली उतरायची, पण चढून आत घुसायचा प्रश्न नव्हता. संस्थेतल्या प्रत्येकाला ही कल्पना आवडली, कारण आपल्याकडं कमान कुणाला आवडत नाही? भांडण लागलं ते नावावरून. कुणी देवाचं म्हणे, कुणी महापुरुषाचं. शेवटी आमच्या भागातल्या साहेबांच्या कैलासवासी वडिलांचं नाव ठरलं, म्हणजे साहेब उद्घाटनाला येतील आणि आडवं कुणी येणार नाही. मला ते पटलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसलात? मी रोज शंभर नावं घालतो. भांड्यात पाणी पडल्याशी मतलब."

आणि खरंच सांगतो, जमलं होतं. आज कुणी आप्पांना वेडं म्हणतं तेव्हा मला राग येतो तो यासाठी. कमान झाली, उसाच्या गाड्या बायपासनं जाऊ लागल्या. आप्पांनी बोळात बाकडी टाकली, कडेला दगडी रांजण ठेवला, बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून घेतलं. त्या स्वच्छतागृहावरून म्हाताऱ्या दुकानदारांनी काय काय टिंगल केली होती! पण संध्याकाळी पोरींचे घोळके येऊ लागले, पोरींच्या मागं पोरं आली, पोरांच्या मागं भेळवाला आला. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बाया पार आप्पांच्या पायरीपर्यंत बसायच्या. हमीदभाईंना हात वर करायला फुरसत उरली नाही. मी वरच्या खिडकीतून बघत बसायचो. एकदा आप्पांनी खालूनच हाक मारली, "मास्तर, बगा! बगून घ्या!" बस, एवढंच. त्या आवाजातला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

मग पाऊस रुसला. पहिल्या वर्षी कमी, दुसऱ्या वर्षी नाहीच. धरणाचा तळ दिसू लागला, नळ कोरडे पडले. ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंडच राहिलं. ज्या गाड्या अडवायला कमान बांधली त्या गाड्या रस्त्यावरूनच गायब झाल्या. आणि आले पाण्याचे टँकर. पहिला टँकर पेठेच्या तोंडाशी आला, ड्रायव्हरनं मान बाहेर काढून कमानीकडं बघितलं आणि तिथंच ब्रेक लावला. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, अशी आमची गत. आप्पा कमानीखाली उभे होते. त्यांनी हात वर करून कमानीच्या पोटाला लावला, जणू हातानं ती वर उचलली जाईल... कुणी हसलं नाही.

पाईप लावून बघितला, तो चार दारांपुढं पोचेना. पेठेतल्या आणि मागच्या गल्ल्यांतल्या बाया घागरी घेऊन कमानीबाहेर रांगा लावू लागल्या. टँकरचा काही नेम नसायचा, त्यामुळं पहाट झाली की माणसं तिथंच बसून. माणसं बसली म्हणून चहाची गाडी आली. चहा आला, मग वडापाव. रांगेत ताटकळणाऱ्या बायांना तिथंच भाजी मिळावी म्हणून भाजीवाल्या बाहेर सरकल्या. आठवडी बाजार हळूहळू कमानीच्या बाहेर निघाला, रस्त्याच्या कडेकडेनं बायपासकडं पसरत गेला. आमच्या डोळ्यांदेखत हे घडत होतं. रोज थोडं थोडं, आणि थांबवावं तरी कुणाला? तहानलेल्या माणसाला तू इथं थांबू नकोस असं कसं म्हणायचं?

त्या दिवसांत आप्पांच्या दुकानात एकच माल खपायचा, प्लॅस्टिकच्या घागरी. एका दुपारी ते मला म्हणाले, "मास्तर, लोक पाण्यासाठी रडाय लागलेत आन् माझा गल्ला भराय लागलाय. लाज वाटती हो." ज्यांच्याकडं काही नसायचं त्यांना तशाच घागरी द्यायचे आणि त्या प्लॅस्टिकवरसुद्धा तापल्या सळईनं नाव घालून द्यायचे, रांगेत अदलाबदल होऊ नये म्हणून.

संस्थेच्या बैठकीत आप्पांनी स्वतःच सांगितलं, कमान पाडा.  साहेबांच्या वडिलांच्या नावाची कमान! पहार कोण लावणार? "दोन म्हयन्याचा तर सवाल हाय, आप्पा. पाऊस पडला की हुईल समदं ठीक," असं अध्यक्ष म्हणाले. शेवटी आप्पा आणि मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात बसवलं, चहा दिला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघू." बाहेर आल्यावर आप्पा चप्पल घालता घालता थांबले. "मास्तर, न्हाई म्हणला असता तर भांडता तरी आलं असतं," म्हणाले.  

पाऊस आला पुढं. झोडपून आला. नळाला पाणी आलं, टँकर गेले, पण बाजार काही परत आला नाही. गिऱ्हाइकाला रस्त्याकडची सवय लागली होती. एकेक दुकान बायपासला जाऊ लागलं. पेठेत कुलपं वाढली. मीही तोवर माळावर, कॉलेजजवळ राहायला गेलो होतो. शिवानंही तिकडं दुकान टाकलं, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्यामागं संसार होता. हमीदभाई सगळ्यांत शेवटी निघाले. काचेची कपाटं हातगाडीवर बांधून आप्पांच्या पायरीशी आले. "चल ना बे आप्पा. गिऱ्हाईक वहाँच बैठा है. हम यहाँ किसका मूं देखते बैठे?" आप्पा म्हणाले, "तू जा. म्या येतो मागनं." हे मागनं येणं कधी झालंच नाही. ते रोज सकाळी दुकान उघडायचे, आपल्यापुढचं अंगण झाडता झाडता शेजारच्या बंद दुकानांपुढचंही झाडायचे आणि बसायचे. शिवा संध्याकाळी नाव घालायची भांडी आणून द्यायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "आप्पा, कुणासाठी उघडता?" ते म्हणाले, "कमान म्या घातली, मास्तर. माणसं बाहीर राहिली. आता म्या बी बाहीर गेलो तर आत कोण?"  काही माणसांची समजूत घालता येत नाही. त्यांच्याजवळ नुसतं बसता येतं, तेवढं मी केलं.

आता त्या दिवसाचं सांगतो. आमच्या पेठेची एक रीत होती. पेठेतलं कुणी गेलं आणि अंत्ययात्रा दारापुढून जाऊ लागली, की जो तो आपलं शटर अर्धं खाली ओढून दाराशी हात जोडून उभा राहायचा. यात्रा कमानीबाहेर पडली की शटर पुन्हा वर. आप्पा गेल्याचं कळून मी पेठेत पोचलो, तर हमीदभाई आपल्या जुन्या दुकानासमोर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे. डोळे लाल. म्हणाले, "मास्तर, आप्पा के वास्ते शटर गिराना है... पन पहले खोलना पडता ना."

मग बायपासवरून एकेक जण येऊ लागला. कुणी तेलाची बाटली आणली, कुणी हातोडी. गंजलेली कुलपं ठोकून ठोकून निघाली. वर्षानुवर्षं न हललेली शटरं किंचाळत वर गेली. आत काही नव्हतं, रिकाम्या फळ्या आणि कोळिष्टकं. तरी प्रत्येकानं आपापल्या उंबऱ्यावरची धूळ झटकली आणि तो दारात उभा राहिला. लिंगायतांच्यात माणसाला बसवून नेतात. आप्पांना सजवलेल्या पालखीत बसवलं होतं, डोक्याला पांढरा रुमाल, गळ्यात झेंडूचा हार. दोन्ही बाजूंनी सगळी पेठ उघडी होती, एकही दुकान बंद नव्हतं, आणि आप्पा ताठ बसून तिच्या मधून चालले होते. मला ओरडावंसं वाटलं, आप्पा, बघा! बघून घ्या!  पालखी पुढं सरकली तशी मागं एकेक शटर अर्धं खाली येत गेलं. कमानीपाशी खांदेकऱ्यांना गुडघ्यात वाकावं लागलं.

माती देऊन परत आलो, तर सगळे आपापली दुकानं लावून घेत होते. पुन्हा वर करायचं होतं ते कशासाठी? हमीदभाईंचं शटर मात्र अर्ध्यावरच अडकलं. वर जाईना, खाली येईना. दोघातिघांनी लोंबकळून बघितलं. शेवटी तेच म्हणाले, "छोडो. रहने दो वैसेच."

परवा पेठेत गेलो होतो. अंगणं कुणी झाडलेली नाहीत, आप्पांच्या दुकानाला शिवानं कुलूप घातलंय. हमीदभाईंचं शटर अजून अर्धंच आहे.  त्याच्या उंबऱ्यावरची धूळ हातानं झटकली. मग घरी आलो.