यादीत माझं नाव नव्हतं

"वहिनी, आधी बसा," शिरीष म्हणाला. मी उभीच राहिले.

मिलिंद, माझा नवरा, ऑफिसात चक्कर येऊन पडला होता. अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या घरून ड्राइव्ह करत मी हॉस्पिटलात पोचले, तर काउंटरवरची बाई गोड आवाजात म्हणते, "सॉरी मॅम, पेशंटच्या यादीत तुमचं नाव नाही. मी काही सांगू शकत नाही."

इथे पेशंटकडून एक फॉर्म भरून घेतात. तुमच्या आजाराबद्दल कुणाला सांगायचं, त्यांची नावं लिहायची. मिलिंदने एकच नाव दिलं होतं. शिरीषचं, रोज कारपूल करणाऱ्या मित्राचं. बायको यादीबाहेरच राहिली!

मग शिरीषनेच सांगितलं. "पॅनक्रिअ‍ॅटिक कॅन्सर, वहिनी. स्टेज फोर. त्याला कळून तीन महिने झाले. त्याने शपथ घातली होती."

पॅनक्रिआस म्हणजे स्वादुपिंड, जठरामागची ग्रंथी. स्टेज फोर म्हणजे आजार लिव्हरपर्यंत पसरलेला, ऑपरेशनच्या पलीकडचा. हे मला नंतर समजलं. तेव्हा डोक्यात फक्त तीन महिने घुमत होते.

त्या तीन महिन्यांत मी काय केलं? डबा तसाच परत येतो म्हणून रोज भांडले. पाठ दुखते म्हणाला, तर बाम चोळला आणि खुर्ची बदल म्हणून सुनावलं. तो बारीक झाला, तेव्हा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चारचौघींत मिरवलं, "माझ्या डाएटची कमाल!" मिलिंद शेजारी उभा राहून हसत होता.

एका रविवारी त्याने लायब्ररीतून जपानी सिनेमाची डीव्हीडी आणली. त्यातला नवरा मरणाऱ्या बायकोपासून तिचाच आजार लपवत होता. मी वैतागले. "मेला सांगत का नाही तिला?"

"सांगितलं तर ती आजपासूनच रडत बसेल," मिलिंद म्हणाला.

"तिला विचारलंय का कुणी?" असं म्हणून मी चहा टाकायला उठले. त्याला तेव्हा सगळं माहीत होतं.

हॉस्पिटलात त्या दिवशी शिरीषबरोबर मिलिंदच्या खोलीत गेले, तर तो म्हणाला, "तुला त्रास नको म्हणून गं."

"माझा त्रास ठरवणारा तू कोण रे?" मी डॉक्टरांसमोरच ओरडले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हातात थोडेच महिने आहेत. केमोने आराम मिळेल, आजार जाणार नाही." मिलिंदने नवा फॉर्म मागवला आणि माझं नाव लिहिलं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे चार महिने प्रत्येक केमोला मी बरोबर होते. तो माझ्या हातून दोन चमचे मऊ भात खायचा. त्या चार महिन्यांसाठी मी डॉक्टरांची, नर्सेसची ऋणी आहे. आधीचे तीन मात्र त्याने माझ्याकडून चोरले. तो गेला तरी त्याला मला अजून माफ करता आलेलं नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर घरच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. भांडण तरी खऱ्या गोष्टीवरून होईल.

मागच्या आठवड्यात मी मॅमोग्रामला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला गेले. तोच फॉर्म पुढे आला. सवयीने मिलिंदचं नाव लिहून बसले, मग खोडलं. खाली कॉलेजात शिकणाऱ्या सानिकाचं, आमच्या लेकीचं लिहिलं, आणि पार्किंगमधूनच तिला फोन लावला.

"सानू, गाठ लागली आहे. रिपोर्ट यायचाय, पण तुला आत्ताच सांगते."