आठवा गडी

पेडणेकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरात विजेचं बिल शोधत होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच सुनीतावहिनी कुडाळहून बोलल्या. मी "अरेरे" म्हणालो, "कधी?" म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर पुन्हा बिल शोधायला लागलो. सापडलं तरी हातात घेऊन तसाच उभा होतो... या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

कुवेतवर आलेलं युद्ध संपून काही वर्षं झाली होती, तेव्हाची आमची ओळख. पेडणेकर जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. मी कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंटंट, आणि आमच्या क्रिकेट क्लबाचा सेक्रेटरी. क्लबात सगळे ऑफिसवाले. शिक्का, लेटरहेड, सगळा थाट होता, फक्त मॅच जिंकायचं तेवढं जमत नसे. पेडणेकरला बॅट धरता यायची नाही, तरी दर शुक्रवारी तो मैदानावर हजर. चहाचा थर्मास त्याचा आणि आमच्या बॅटिंगची टिंगलही त्याचीच.

त्याच्या हॉस्पिटलात नोरा नावाची आयरिश नर्स होती. कुवेतमधल्या आयरिश मंडळींचा फुटबॉलचा क्लब होता, आणि त्यांच्यात एक मजेशीर पद्धत होती. वर्षभर मैदानावर खेळायचं आणि हिवाळ्यात त्याच खेळाडूंनी स्टेजवर चढून आपली पारंपरिक गाणी म्हणायची, नाच करायचे, गोष्टी सांगायच्या. त्याची चक्क स्पर्धा. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, की इथल्या इतर क्लबांनीही यावं, आपापलं गावाकडचं घेऊन यावं. अट एकच, उतरायचं ते एखाद्या खेळाच्या क्लबाच्या नावाने. नोराने हे सांगितलं आणि पेडणेकरच्या अंगात आलं. फॉर्मांची चळत घेऊन तो क्लबाक्लबांतून हिंडला. केरळच्या व्हॉलीबॉलवाल्यांनी चहा पाजून वाटेला लावलं, गोव्याच्या फुटबॉलवाल्यांनी "बघू" म्हटलं. आमच्या मंडळींनी तर विचारलं, "आयरिश लोकांसमोर आपण काय करायचं? भोंडला?"

शेवटी त्याला माणसं सापडली ती मीना अब्दुल्ला नावाच्या भागातल्या कामगारांच्या कॅम्पात. रिफायनरीच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेले गुहागर-चिपळूणचे वेल्डर आणि फिटर, संध्याकाळी वाळूत कबड्डी खेळणारे. त्यांना जाखडी येत होती. मध्ये ढोलकी आणि गाणारा, भोवती गोल करून आठ गडी, प्रत्येकाच्या उजव्या पायात घुंगरांचा चाळ. त्यांच्या कबड्डीला ना नाव ना शिक्का, म्हणून त्यांना आमच्या क्लबातर्फे उतरवायचं, असं पेडणेकरने परस्पर ठरवून टाकलं.

एका शुक्रवारी तो मला गाडीतून तालीम बघायला घेऊन गेला. "चाळ गावावरनं मागवलेत आठ, पन गडी सातच हायत," त्यांचा म्होरक्या तुकाराम म्हणाला. मी गाडीला टेकून लांबच उभा राहिलो. ढोलकी सुरू झाली, आणि थोड्या वेळाने पेडणेकर माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या बुटाकडे बघतोय असं लक्षात आलं. माझा उजवा पाय वाळूत ठेका धरत होता. मी तो आवरला.

कारण सांगायलाच हवं. मी गुहागर तालुक्यातला. माझे वडील जाखडीत नाचायचे, दहावीपर्यंत मीही नाचलो. पण कुवेतमध्ये मी सगळ्यांना सांगत असे, की आम्ही मूळचे दादरचे. क्लबातल्या लोकांसमोर हे गावठी प्रकरण आपल्या सहीने उभं राहिलं तर कोणीतरी विचारेल, तुम्हाला कसं ठाऊक? ही भीती. एवढीच.

"सगळं भरलंय," फॉर्मचं पाकीट देताना पेडणेकर म्हणाला. "एकदा नीट वाच, मग सही कर. माका नाचूक येणा नाय रे, नायतर मीच उभा रवलो असतंय." मी पाकीट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकलं, उघडलंसुद्धा नाही. त्याने विचारलं की सांगायचो, कमिटीची मीटिंग व्हायचीय. मीटिंग मी बोलावलीच नव्हती. मुदत टळली तेव्हा म्हणालो, "कमिटी नाही म्हणाली." तो म्हणाला, "बरां."

स्पर्धेला तो त्या सातांना घेऊन गेलाच, प्रेक्षक म्हणून. मीही गेलो, न जाऊन सांगतो कोणाला! इस्त्रीचे शर्ट घालून ती माणसं शेवटच्या रांगेत बसली होती. आयरिश पोरी हात सरळ खाली सोडून नुसत्या पायांनी नाचायला लागल्या, तशी ती रांग हलायला लागली. तुकाराम पेडणेकरला म्हणाला, "सायेब, ह्ये तर आमालाबी जमलं असतं." पेडणेकरने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षापर्यंत त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, सातही जण पांगले. पेडणेकरने तो विषय पुन्हा काढला नाही. थर्मास, टिंगल, सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं. कुवेत सोडताना ड्रॉवर आवरला, तेव्हा ते पाकीट न उघडताच रद्दीत गेलं.

परवा कुडाळला वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी पेडणेकरच्या टेबलाचा खण उघडून एक चाळ माझ्यासमोर ठेवला, आणि त्याच्याखालचा कागद. "हा तुमचा, असं हे म्हणायचे. कधी सांगितलं नाही का तुम्हाला?" कागद त्या फॉर्मची झेरॉक्स होती. पेडणेकरच्या अक्षरात सात नावं, प्रत्येकापुढे बताक्याचा, म्हणजे कुवेतच्या ओळखपत्राचा नंबर. आठवं नाव माझं. गाव, गुहागर. नंबराची जागा रिकामी.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आणि इतकी वर्षं तो हेच समजत राहिला, की मी माझं नाव वाचलं, आणि वाचून नाही म्हणालो.

वहिनींना मी सगळं सांगितलं. मीटिंगचंसुद्धा. त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी खिशातलं पेन काढलं. इतक्या वर्षांत फोन नंबर विसरलो, माणसं विसरलो, पण तो बताक्याचा नंबर अजून पाठ आहे... रिकाम्या जागेत तो लिहिला आणि खाली सही केली.