उकळलेलं पाणी

"तू थांब. थर्मास बाई भरेल."

काकूंनी हे हसतच सांगितलं. माझा हात गॅसवरच्या पातेल्याकडे गेला होता, तो मधेच थांबला. पाणी खळखळत होतं. दिल्लीत, द्वारकेतला काकूंचा चौथ्या मजल्यावरचा नवा फ्लॅट. रविवारची दुपार. बाहेर जेवणाच्या टेबलाशी तीन चिनी इंजिनिअर आणि नोएडाच्या कारखान्याचे मालक बसलेले. चिनी माणसाला जेवताना गरम पाणी लागतं. ते त्यांनी माझ्याकडे मागितलं, कारण त्या घरात त्यांची भाषा धड मलाच येत होती. मी दुभाषी होते.

कामाची बाई बंगालची होती. तिची जात काकूंनी कधी विचारली नव्हती. पाणी टँकरचं होतं. टँकर कोणी भरला, पाइप कोणी धरला, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. माझी जात मात्र त्यांना ठाऊक होती. आम्ही बौद्ध, त्याआधीचे महार. काकूंना त्याआधीचंच लक्षात होतं.

नव्या फ्लॅटमध्ये किचन उघडं होतं, मधे भिंत नव्हती. टेबलावरून मृणाल मराठीत म्हणाली, "आई, भरू दे गं तिला. उकळलेलं आहे. उकळल्यावर काही राहत नाही. चीनमध्ये दोन वर्षं मी हिच्याच हातचं प्यायले."

आणि हसली. माझी बाजू घेतली असं तिला वाटत होतं.

मृणाल काकूंची मुलगी, माझी मैत्रीण आणि त्या दिवशी माझी मालकीण. तिचे वडील केंद्र सरकारात मोठे अधिकारी. माझे वडील कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथीगृहात खोल्यांवर चहापाणी पोचवायचे. आम्ही मागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी चिनी भाषेच्या वर्गात गेले, कारण त्या वर्गात जागा रिकाम्या होत्या. बाकी सगळे इंग्रजी आणि कॉम्प्युटरकडे धावत होते. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. उत्तर चीनमधलं एक थंड शहर, दोन वर्षं. वर्गातून दोघीच निवडल्या गेलो, मृणाल आणि मी.

विदेशी विद्यार्थ्यांची इमारत वेगळी होती. दारावर एक म्हातारा वही घेऊन बसायचा. वहीत नाव, देश आणि खोली एवढंच लिहायचं. आडनावावरून पुढचा प्रश्न कोणी विचारायचं नाही, कारण आमची आडनावं त्याला सारखीच अगम्य होती. रस्त्यात मुलं बोट दाखवायची. एका बाईने बसमध्ये माझा हात चोळून रंग निघतो का पाहिलं. राग आला, पण तो राग हलका होता. तिला मी परकी होते, खालची नव्हते. हा फरक मला तिथे, त्या बसमध्ये कळला.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. खानावळीत बोट दाखवून जेवण घ्यायचं आणि ताटात काय आलं ते खायचं. चौकोनांच्या वह्यांत एकेक अक्षर पान भरून लिहायचं. उच्चारात सूर चुकला की वर्ग हसायचा. कोरियाची मुलं पुढे, रशियाची मागे, आम्ही मधे. मृणाल महिन्याभरात कंटाळली. तिच्या वह्या मी लिहायला लागले. तोंडी परीक्षेआधी तिच्याकडून उत्तरं पाठ करून घ्यायचे. मैत्रीण आहे, करायचं, असं वाटायचं.

आणि पाणी. तिथे नळाचं पाणी कोणी पीत नाही. रोज संध्याकाळी बॉयलरच्या खोलीपुढे रांग लावायची, आपापले थर्मास भरायचे आणि खोलीवर न्यायचे. प्यायला तेच, तोंड धुवायला तेच. आमची खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हिवाळ्यात अंगणात बर्फ घट्ट होऊन काचेसारखा व्हायचा. मृणालची पाठ दुखायची. मग तिचे थर्मासही मीच आणायचे. दोन हातांत चार थर्मास. एकदा पायरीवर घसरले, एक फुटला, पोटरी भाजली. त्याचा डाग अजून आहे.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट सांगते, मला बरं वाटायचं. आईच्या गावी आमच्या बायका विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या, कोणी वरून ओतेल तेव्हा घ्यायच्या. आणि इथे ही अधिकाऱ्याची मुलगी माझ्या हातचं पाणी रोज पीत होती. पहिल्याच आठवड्यात तिने माझं गाव विचारलं होतं, आजोबा काय करायचे ते विचारलं होतं, आणि सगळं कळल्यावर म्हणाली होती, "मी असलं काही मानत नाही, यार." मी विश्वास ठेवला. ती ग्लास रिकामा करायची तेव्हा मी तिच्याकडे बघायचे. पुरावा म्हणून बघायचे.

परत आल्यावर मला सरकारी अनुवादकाची पक्की नोकरी लागली. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या, चीनमधून मशिनं यायला लागली होती आणि भाषा येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. मृणालने फर्म काढली. म्हणाली, "नोकरी सोड, चल. आपण दोघी. पहिल्या मोठ्या करारावर दोघींची नावं टाकू." घरी वडील म्हणाले, पक्की नोकरी सोडू नकोस. मी सोडली. तिच्या शब्दावर सोडली. तो पहिला मोठा करार म्हणजे त्या रविवारचं जेवण. ते साधलं की माझं नाव कागदावर येणार होतं.

आणि ती म्हणत होती, उकळल्यावर काही राहत नाही.

दोन वर्षं ती पाणी पीत होती. माझ्या हाताच्या विटाळाचं काय करायचं ते बॉयलरने आधीच केलं होतं.

दिल्लीतल्या मराठी घरांची एक सवय आहे. बाहेरच्यांसमोर घरातलं बोलायचं तर मराठीत बोलायचं. भाजीवाल्यासमोर, शेजाऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर. कोणाला कळत नाही, म्हणून आवाजही खाली करत नाहीत. आम्ही दोघी चीनमध्ये हेच करायचो. मृणालला त्या दिवशीही तेच वाटलं, की हे आमच्यातलं आहे.

पण आम्हाला शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम होता. दुभाष्याने टेबलाशी बोललं गेलेलं सगळं सांगायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं.

मी किचनमधून बाहेर आले आणि माझ्या खुर्चीवर बसले. मुख्य इंजिनिअर लिऊ नावाचे वयस्कर गृहस्थ होते. मृणाल हसली म्हणून तेही हसले आणि त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

मी सांगितलं. चिनीत, स्वच्छ, शब्द न बदलता. "आई, तिला पाणी भरू दे. ते उकळलेलं आहे. उकळल्यावर काही राहत नाही. चीनमध्ये दोन वर्षं मी तिच्याच हातचं प्यायले."

लिऊंनी कप खाली ठेवला. "काय राहत नाही?"

मी मृणालकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "ते विचारताहेत, काय राहत नाही?"

तिचा चेहरा उतरला. एवढं चिनी तिला कळत होतं. "अगं, जंतू सांग. जर्म्स सांग ना."

मी लिऊंकडे वळले. "त्या म्हणाल्या, जंतू सांग."

काकू बडीशेपेची वाटी घेऊन उभ्या. मालकांनी विचारलं, "क्या हुआ, मैडम?" मग मी त्यांनाही सांगितलं, हिंदीत, सगळं, पहिल्या वाक्यापासून. थर्मास बाई भरेल हेही सांगितलं.

ते ऐकून मालक चमच्याशी खेळत म्हणाले, "छोड़िए जी, घर की बात है. चलो, काम की बात करते हैं."

हेही मी चिनीत सांगितलं.

लिऊंनी बाईने भरलेल्या थर्मासमधून पाणी ओतून घेतलं, प्यायले, आणि मशिनं बंदरावर कधी पोचतील त्यावर बोलायला लागले. कोणी उठून गेलं नाही. कोणी माझी बाजू घेतली नाही. त्यांनाही करार हवा होता. तासभर मी पुढचं सगळं बोलणं या भाषेतून त्या भाषेत नेलं. एक तारीख चुकली नाही.

मग पर्स उचलली. मृणाल लिफ्टपर्यंत आली.

"तू असं करशील असं मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं. फसवणूक तिचीच झाली असं तिला मनापासून वाटत होतं. "अगं, ते आपल्यातलं होतं."

"आपल्यातलं म्हणजे कोणातलं?"

लिफ्ट आली. मी आत शिरले.

करार तिला मिळाला. कागदावर तिचं एकटीचं नाव आलं. माझ्या जागी तिने दुसरी मुलगी घेतली. सरकारी नोकरी परत मिळत नाही, तशी मलाही मिळाली नाही. वर्षभर मी बाबांच्या क्वार्टरमध्ये बसून मशिनांची माहितीपत्रकं भाषांतरित केली. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

पुढे काम मिळत गेलं. गुडगाव, नोएडा, मानेसर. आता पंचेचाळिशी उलटली आहे. काम घेण्याआधी मी तीन गोष्टी लेखी घेते. माझी खुर्ची टेबलाला लागून असेल, मागे नाही. माझं नाव कागदावर असेल. आणि टेबलाशी जे बोललं जाईल ते सगळं मी सांगेन, कोणत्याही भाषेत असो. चहापाणी मी आणत नाही. गरम नाही, गार नाही. कोणाला वाटतं या बाईला गर्व आहे. वाटू दे.

अजूनही होतं असं. समोर चिनी पाहुणे, शेजारी पंजाबी मालक, आणि टेबलाच्या कडेला एखादे मराठी साहेब. माझं आडनाव ऐकून ते शेजारच्या मराठी सहकाऱ्याकडे झुकतात आणि हळूच मराठीत काहीतरी म्हणतात.

मग मी वही बंद करते, त्यांच्याकडे बघते आणि थांबते. त्यांचं वाक्य पुरं होऊ देते. मग ते सांगते.